तोंड माझं होतं

"चूक दुभाषीची आहे," ब्रदर इंग्रजीत म्हणाला. "खेड्यातली मुलगी आहे. हिचं इंग्रजी कच्चं आहे. सांग यांना."

माइक माझ्या हातात होता. समोर सतरंजीवर आमची माणसं बसलेली. पहिल्या ओळीत माझी वहिनी आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली तिची पोरगी, रेश्मा. इतक्या वर्षांची सवय होती. त्यानं वाक्य बोलायचं, मी ते उचलायचं, आमच्या बोलीत लोकांपुढे ठेवायचं. मी उचललं.

"ब्रदर म्हणून राहिले का चूक मायी आहे. मी खेड्यातली पोरगी आहो. मले इंग्रजी बरोबर येत नाई."

माझा अपमान मीच भाषांतर करून दिला. एक शब्द गाळला नाही. लोक माझ्याकडे पाहत होते. कोणी तरी मागून "अरे देवा" म्हणालं. ब्रदर पाणी प्यायला. त्याची खुर्ची होती, त्याच्या बायकोची होती, पाहुण्यांच्या दोन होत्या. बाकी सगळे खाली.

पूर्वी मी त्याला 'ते' म्हणायची. आता तो.

आम्ही जातीनं ढिवर. सिहोऱ्याकडच्या एका गावात तळ्याच्या पाळीला आमची वस्ती. मासोळी, शिंगाडे, आणि दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणं. ज्यांच्या बांध्या त्यांच्या घरी आम्हाला चहा ओट्याखाली मिळायचा, कप आम्हीच विसळायचा. ब्रदर, येशूच्या प्रार्थनासभा घेणारा प्रचारक, बाहेरच्या राज्यातून आला आणि पहिल्याच दिवशी माझ्या बापाचा हात हातात धरला. मासोळीचा वास असलेला हात. बाप त्या रात्री जेवला नाही, नुसता हात पाहत बसला. त्या धरलेल्या हातासाठी आम्ही त्याच्या प्रार्थनेच्या टिनाच्या शेडात गेलो. गेल्याची मला आजही लाज नाही.

मी डी.एड. केलं होतं आणि तुमसरला एका खाजगी शाळेत शिकवायची. ब्रदरला हिंदी मोडकीतोडकी यायची, मराठी मुळीच नाही. त्यानं मला पुढे बोलावलं. ज्या गावात मी ओट्याखाली उभी राहायची त्याच गावात माझा आवाज भोंग्यातून जाऊ लागला. बाया माझ्या पाया पडू लागल्या. मी त्यांना "नोको करू" म्हणायची. पण पाय मागे घ्यायची नाही.

रेश्माला सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्याकडे पुष्कळ घरांत आहे. तिचं दुखणं उठलं की हाडं फुटतात असं ती ओरडायची. माझा भाऊ नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचा. म्हणून दवाखान्यात तिला मीच घेऊन जायची. डॉक्टरीण बाईनं मला समोर बसवून सांगितलं होतं, गोळ्या रोज, आयुष्यभर, बरं वाटलं तरी. समजलं का म्हणून दोनदा विचारलं. मी समजलं म्हणाले. मला समजलंच होतं.

उन्हाळ्यातल्या एका सभेत ब्रदरनं रेश्माला पुढे बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. तो म्हणाला की प्रभूनं मला दाखवलं आहे, या लेकराचं रक्त बदललं. धान कापणीला येईल तोवर ही दुखणं काय असतं ते विसरेल. भीतीच्या औषधाला या घरात आता जागा नाही.

भीतीचं औषध. हे आमच्या बोलीत कसं सांगावं मला सुचेना. मी माइक खाली घेतला आणि हळूच विचारलं, "म्हणजे गोळ्या?"

त्यानं डोळे मिटूनच मान हलवली. होय.

मी माइक वर घेतला. "देवानं पोरीचं रक्त बदललं. गोळ्या आता बंद करजा."

ही दोन वाक्यं. दुसरं माझं. मान त्याची, शब्द माझे.

वहिनी रडत होती. ती मला मिठी मारून म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडून निघालं न, म्हणून मले पटलं." तिनं त्याच संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली. मी तिथंच पाटावर बसले होते. प्लास्टिक जळल्याचा वास आला. मला डॉक्टरीण बाई आठवल्या. मी उठून बाहेर अंगणात गेले. एवढंच केलं मी. बाहेर गेले.

पावसाळा बरा गेला. रेश्मा शाळेत गेली, रोवण्याच्या दिवसांत चिखलात खेळली. ब्रदरनं तिला साक्ष द्यायला उभं केलं. ती मंचावर म्हणाली, "मले आता दुखत नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गावांतून आजारी माणसं येऊ लागली. एका म्हातारीनं शुगरच्या गोळ्या सोडल्याचं मला हसत हसत सांगितलं. मी हसले.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. एका सकाळी वहिनीचा मला फोन आला, "बाई, रेश्माच्या हातातून कप पडला, ते उचलूनच नाई राहिली. तोंड वाकडं दिसते." मी धावत गेले. पोरगी खाटेवर बसली होती, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, लाळ गळत होती. तिला काही तरी म्हणायचं होतं.

मी मोबाइल काढला आणि ब्रदरला फोन लावला. ॲम्ब्युलन्सला नाही. ब्रदरला.

तो म्हणाला, सैतान शेवटचा हल्ला करतो आहे, फोन स्पीकरवर ठेव. मी तो रेश्माच्या छातीवर ठेवला. तो तिकडून प्रार्थना करत राहिला. मी ती प्रार्थना आमच्या बोलीत वहिनीला सांगत राहिले. सकाळ तशीच गेली. शेवटी शेजारचा ऑटोवाला, आमच्या शेडात कधी न आलेला माणूस, दारातून आत शिरला. त्यानं पोरीला उचललं आणि म्हणाला, "तुमी करा प्रार्थना. मी हिले घेऊन जातो."

आधी तुमसर, मग भंडारा, मग नागपूर. मेंदूत रक्त अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या का बंद केल्या? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

रेश्मा वाचली. उजव्या हातात पकड नाही. पाय ओढते. बोलते, पण एकेक शब्द शोधून.

गावात कुजबुज सुरू झाली. ब्रदर म्हणाला होता धान कापणीपर्यंत, आणि धान कापणीलाच हे झालं. काही घरं यायची थांबली. म्हणून ती सभा ठेवली. सगळ्यांना बोलावलं. वहिनीला मुद्दाम निरोप पाठवला की पोरीला घेऊन ये, ब्रदर तिच्यासाठी प्रार्थना करणार आहेत. आणि प्रार्थनेच्या आधी त्यानं ते वाक्य टाकलं. चूक दुभाषीची आहे. औषध बंद करा असं मी कधी म्हणालो नाही.

मी माझा अपमान सांगून मोकळी झाले. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडं हलकंही वाटलं. चूक माझी आहे हे कोणी तरी मोठ्यानं म्हणालं होतं.

पण तो थांबला नाही. त्यानं वहिनीकडे बोट केलं. "उठ," तो हिंदीत म्हणाला. वहिनीनं रेश्माचं डोकं मांडीवरून उचललं, तिला भिंतीला टेकवलं आणि उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग तो इंग्रजीत बोलला. भविष्यवाणी खरी होती. प्रभूनं दिलं होतं. पण या आईच्या मनात संशय होता. आईच्या संशयामुळे लेकराचा हात गेला. हे तिला सांग.

वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी काय सांगते त्याची वाट पाहत होती. तिला वाटत होतं मी काही बरं सांगणार आहे.

गोळ्यांची पाकिटं एका शब्दावर चुलीत टाकणारी बाई. तिच्या मनात संशय.

"सांग," ब्रदर म्हणाला.

"नाई सांगत," मी म्हणाले. माइकवरच. भोंग्यातून बाहेर गेलं ते.

तो हसला. त्याला वाटलं मला वाक्य कळलं नाही. त्यानं पुन्हा सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं.

मी लोकांकडे तोंड केलं. "हे म्हणून राहिले का वैनीच्या संशयानं पोरीचा हात गेला. हे खोटं आहे. गोळ्या बंद करा हे यायनंच सांगतलं होतं. मी विचारलं होतं, यायनं मान हलवली होती. आन् मले मालूम होतं का गोळी सोडली तं पोरगी मरू शकते. मले डॉक्टरीण बाईनं सांगतलं होतं. तरी मी बोलली."

मग आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतले एक वडीलधारे काका उठले. त्यांनी माझ्या हातून माइक घेतला. "बाई, खाली बस. असं नाई बोलत," ते म्हणाले. रागावून नाही, समजुतीनं. ब्रदरनं गाणं सुरू करायला सांगितलं. टाळ्या सुरू झाल्या. अर्ध्याहून जास्त लोक गायले. माझा बापही गायला, मान खाली घालून.

मी आणि वहिनीनं रेश्माला दोन्ही बाजूंनी धरलं आणि बाहेर आलो. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "राग कोनाचा करू, मले समजून नाई राहिलं. तुमचा करू का?"

"करा," मी म्हणाले.

ती करते. अजून करते. भावानं माझ्याशी बोलणं सोडलं आहे. ते ठीक आहे.

एक दिवस मी रेश्माच्या हाताला मालीश करत होते. ती बराच वेळ शब्द शोधत होती. मग विचारलं, "आत्या. ते. देवानं सांगतलं होतं का?"

"नाई. ब्रदरनं सांगतलं. मी बोलली."

"मंग देव?"

"देव काईच नाई बोलला."

तिनं हात काढून घेतला. डाव्या हातानं उजवा हात उचलून आपल्याकडे ओढला.

प्रार्थना मी अजून करते. पण आता काही मागत नाही, कोणाच्या वतीनं बोलत नाही.

मी पोलिसात तक्रार करायची ठरवली तेव्हा मंडळीतले काका घरी आले. म्हणाले, मंडळीबाहेरचे लोक टपून बसले आहेत, सगळ्या मंडळीची बदनामी होईल, ब्रदर तर आता फोनही उचलत नाहीत, जाऊ दे. त्यांची भीती खोटी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ज्यांच्या ओट्याखाली आम्ही चहा प्यायलो त्या घरचे दोघं मोटरसायकलवर आले. "बाई, आमी येतो तुमच्यासंगं. तो शेडच जाळून टाकू," म्हणाले. पहिल्यांदाच ते मला बाई म्हणत होते.

"शेडात माझा बाप बसतो," मी म्हणाले. "तुमी नोका येऊ."

वहिनी आणि मी एसटीनं गेलो. ठाण्यातल्या हवालदारानं नीट ऐकून घेतलं. वहिनीचा जबाब घेतला. मग मला म्हणाला, "तुम्ही साक्षीदार. इथं सही करा."

"साक्षीदार नाही. आरोपी दोन आहेत. एक तो, एक मी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, असं लिहिलं तर नोकरी जाईल तुमची."

"लिहा."

वहिनी बाजूच्या बाकावर बसली होती. तिनं मला अडवलं नाही. मी तिच्याकडे पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर मला तिची माफी हवी आहे असं तिला वाटलं असतं.

नोकरी गेली. शाळेनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शुगरच्या गोळ्या सोडलेल्या म्हातारीच्या घरी मी गेले, मग औषध सोडलेल्या बाकीच्यांच्या घरी. काहींनी दार लावून घेतलं. म्हातारी म्हणाली, "तूनच तं सांगतलं होतं." मी म्हणाले, "मीच सांगतलं. आता मीच सांगतो, गोळी घे." ती घेते की नाही हे पाहायला मी आठवड्यातून एकदा जाते.

ब्रदर आता पवनीकडे सभा घेतो असं ऐकलं. मी जाणार आहे. शेडाबाहेर उभी राहणार नाही, आत जाऊन पहिल्या ओळीत बसणार आहे, आणि तो बोलायला उठला की रेश्माचं नाव घेऊन विचारणार आहे. हाकललं तर पुढच्या गावात विचारीन.

माझा वकील म्हणतो, केस उभी राहिली की कोर्टात एवढंच सांगा, मला औषधाचं काही माहीत नव्हतं, मी नुसतं भाषांतर करत होते. सुटाल.

मी तसं सांगणार नाही. मला माहीत होतं. पहिलं वाक्य हेच सांगणार. त्यानंतर ब्रदरनं खुर्चीवरून उठावं आणि त्याचं सांगावं.