नुरजहाँचा दूरचा ग्रह

लग्नाला जेमतेम वर्ष झालं आणि जलील मस्कतला क्रेन चालवायला गेला. महाडजवळच्या नाते गावात नुरजहाँच्या घरी फोन नव्हता. दोघं कॅसेटवर बोलायची आणि ती कॅसेट कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती धाडायची. पावसात विचारलेल्याचं उत्तर थंडीत मिळे. एकदा कॅसेटमधून जलील काळजीनं विचारत होता, "अफरीनचा ताप उतरला का?" आणि लेक तर अंगणात हुंदडत होती. नुरजहाँला आधी हसू आलं, मग रडू. हा माणूस मस्कतला नाही, दुसऱ्याच ग्रहावर आहे, असं तिला वाटून गेलं.

त्यातून तिची पहिली कादंबरी झाली. गावातले सगळे पुरुष दूरच्या ग्रहावर खाणीत कामाला गेलेले. तिथं अंग हलकं होतं, हाडं ठिसूळ होतात. परतले तर उभं राहता येणार नाही. म्हणून कुणीच परतत नाही, आणि नायिका गावात नवऱ्याची वाट बघत राहते.

मुंबईचे प्रकाशक म्हणाले, "बाई, विज्ञानकथेत सुकट आणि तांदळाची भाकरी कशी चालेल?"

"मग माणसांनी जेवायचं काय?" असं विचारून ती बाड घेऊन परत आली. १९९५ साली महाडच्या एका छापखान्यानं पुस्तक काढलं. तालुक्यात असलं काही कुणी लिहिलं नव्हतं. लोक हसले, पण वाचलंही.

आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीत सेजल नावाच्या शिक्षिकेनं ते बायकांना दुपारी वाचून दाखवलं. त्यांचेही नवरे मुंबईला. शेवटच्या दिवशी तिनं नुरजहाँलाच बोलावलं. वाचन संपलं तशी त्यांच्यातली येसूबाई म्हणाली, "मंग तीच का नाय गेली गो त्याच्याकडं?"

"कशी जाणार? घर, पोर, म्हातारी सासू..."

"लिवणारी तू हायस ना? म्हातारीला पण बसव की यानात!"

बायका खळखळून हसल्या, नुरजहाँही हसली. पण परतताना एसटीत तिच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही? घरी येताच तिनं टेपरेकॉर्डर लावला. "मी येऊ का तिकडे?" एवढंच बोलली.

उत्तराची कॅसेट काही महिन्यांनी आली. जलील म्हणत होता, "इथं एका खोलीत आम्ही दाटीवाटीनं राहतो. तुला कधी सांगितलं नाही. तू नको येऊस. मीच येतो."

तो आला. महाड-पोलादपूर टेम्पो चालवू लागला. बायकोची कादंबरी वाचून म्हणाला, "इतका लांब वाटायचो मी तुला?" ती त्याच्या ताटात भात वाढत राहिली.

दुसऱ्या कादंबरीत बायका म्हाताऱ्यांसकट यानात बसून निघाल्या. तिच्या प्रती जलीलनंच टेम्पोतून वाड्यावाड्यांत पोचवल्या. येसूबाईनं ती सेजलकडून दोनदा वाचून घेतली आणि निरोप धाडला, "समदं बरं हाय, पण कोंबड्या कुठं ठेवल्यास?"

नव्या आवृत्तीत नुरजहाँनं यानात खुराडं घातलं. पुढे येसूबाईची नात आवडी पोलादपूरच्या कॉलेजात गेली आणि स्वतःच्या विज्ञानकथा लिहू लागली. तिच्या पहिल्याच कथेत वाडीतल्या बायका यान दुरुस्त करतात. ती कथा वाचून नुरजहाँनं तिला घरी जेवायला बोलावलं आणि दिवसभर सोडलंच नाही.