कॉम्प्युटरचा चार्ज

"मले विचाराल तर सांगतो." आमचे गणिताचे सर दर मीटिंगला एवढं म्हणत, खडूची बोटं पँटला पुसत आणि थांबत. कोणी विचारत नसे. मग तेही बोलत नसत. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, सगळ्यांत शहाणा आणि सगळ्यांत गप्प.

एकदाच विचारलं, आणि तिथेच बिचारे फसले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्याजवळच्या आमच्या सरकारी हायस्कुलात मुलांसाठी पंचवीस कॅल्क्युलेटर घ्यायचे की एक कॉम्प्युटर, असा प्रश्न निघाला. आम्ही बाकीचे शिक्षक सगळे कॅल्क्युलेटरवाले. हेडमास्तरांनी सहज म्हटलं, "सर, तुमचं काय?"

"कॅल्क्युलेटर पोराले उत्तर सांगते जी. कॉम्प्युटरले पोरालेच सांगा लागते, काय कर अन् कसं कर. कॉम्प्युटरच घ्या!" आणि सरांनी टेबलावर हात आपटला. बापरे! आम्ही पाहतच राहिलो.

कॉम्प्युटर आला. टाइपरायटरसारखा डबा, छोट्या टीव्हीला जोडायचा. "तुम्हीच निवडला, तुमच्याच नावावर चढवतो," म्हणत हेडमास्तरांनी डेडस्टॉक रजिस्टरात सरांची सही घेतली. म्हणजे वस्तू शाळेची. हरवली, बिघडली तर जबाबदारी सरांची. सरांनी हौसेनं सही केली.

मग धास्ती बसली. मुलांनी चपला बाहेर काढून भिंतीशी उभं राहायचं आणि सर एका बोटानं बटणं दाबतील ते पाहायचं. आम्ही हसायचो, "सर, देव्हाऱ्यात ठेवा आता."

सर खोली घेऊन एकटेच राहत. बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई दिघोरीला. दर शनिवारी शाळा सुटली की दोन बस बदलून गावी, रविवारी संध्याकाळी परत. बदलीसाठी किती वर्षं अर्ज करत होते, आणि एकदाची ऑर्डर आली. गावापासून सायकलच्या अंतरावरची शाळा! सरांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

पण कॉम्प्युटरचा चार्ज दुसऱ्या कोणाच्या सहीनं त्याच्या नावावर दिल्याशिवाय सुटका नाही. विज्ञानाचे म्हणाले, "मले त्यातलं समजत नाही." चित्रकलेचे म्हणाले, "माही रिटायरमेंट आली." शेवटी सर माझ्याकडे आले.

"भाऊ, फक्त सही करा. मी दर रविवारी येऊन पाहून जाईन जी. माय वाट पाहून राहिली."

"मले कायले लफड्यात टाकता, सर?" मी म्हणालो. हो, मीच. पेढा खाल्लेल्या तोंडानं.

"बराबर आहे," म्हणून ते गेले. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस सरले. त्या जागेवर दुसराच माणूस गेला. सोमवारी सरांनी आठवीचा वर्ग आत घेतला आणि मुलांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. ठकाठक बटणं वाजू लागली. मी धावत गेलो.

"सर, बिघडलं तर?"

"बिघडू द्या जी. आता कोठं जायाचं आहे मले?"

त्या वर्षी मुलांनी टीव्हीवर पाढे दाखवणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. सर मागे उभे राहून पाहत. चुकलं तरी सांगत नसत.

दिवाळीनंतर एका बुधवारी सरांची आई गेली. निरोप मिळून सर पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ते परत आल्यावर मी मान खाली घालून म्हणालो, "सर, चार्ज मी घेतो."

"राहू द्या," ते म्हणाले. "आता घाई नाही."

आमच्याच शाळेतून ते रिटायर झाले. त्या दिवशी चार्ज घेतला मीच. डबा एक, टीव्ही एक, वायरी दोन. बटणांवरची निम्मी अक्षरं मुलांच्या बोटांनी पुसून गेली होती. सरांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, बोट ठेवून जागा दाखवली. मी सही केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही हो.