पायाचा अंगठा कोण ओढत होतं?

चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. अंगात येणं, करणी असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो... अजूनही जातो. तरी हे माझ्याच बाबतीत घडलंय.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. सांगोल्याकडून येऊन भिवंडीत, नारपोलीला कापड विणायच्या लूमवर लागलो होतो. खोलीत गादी एक, माणसं दोन. मी रात्रपाळीला, इस्माईल दिवसपाळीला. एक उठला की दुसरा आडवा. उठवायची रीत ठरलेली – न बोलता पायाचा अंगठा ओढायचा. ओढला की गादी सोडायची.

मी भयंकर घोरायचो. कामावर उभ्या उभ्या डुलक्या यायच्या. मुकादम सगळ्यांसमोर म्हणायचा, "काय रे रेड्या, दिवसभर खोलीत नांगर धरतोस काय?" सगळे हसायचे. तळपायाची आग मस्तकात जायची. दिवसा झोपू तरी कसा? दुपारी दोन-तीनदा अंगठा ओढला जायचा. धडपडत गादी सोडायचो, तर खोलीत कोणी नाही...

मला वाटलं, इस्माईलच जेवणाच्या सुट्टीत येऊन छळतोय. तोंडाला येईल ते बोललो त्याला.

"भाई, मैं रोटी छोड के तेरा अंगूठा खींचने आऊंगा?"

दुसऱ्या दिवशी आतून कडी घालून झोपलो. तरी अंगठा ओढलाच. कडी जशीच्या तशी. राग एवढा की तरी त्यालाच शिव्या दिल्या.

शुक्रवारी लूम बंद. दुपारी मी झोपलो, तो दारात भाजी निवडत बसला होता. जाग आली तेव्हा अंगठा दुखत होता आणि इस्माईल पांढराफटक.

"तेरा घोरना रुक गया. छाती हिल रही, सांस नहीं. मैं उठता उसके पहले तेरा अंगूठा खिंचा... किसी ने पकड के खींचा. चल, कपडे पहन."

त्यानंच मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "झोपेत तुमचा घसा मिटतो. टॉन्सिल काढता येतील, पण खात्री नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवू. दिवसा बूच, झोपताना उघडी. मात्र लूम सोडायची, कापूस आत जाईल."

मी चिडून उठलो. लूम सोडून खाऊ काय? गावी हा गळा दाखवू कसा? इस्माईलनं खांदा दाबून खाली बसवलं. "काम दूसरा मिलेगा. खींचनेवाला रोज आएगा क्या?"

भोक पाडलं. भिवंडीजवळच हायवेला, वडप्याला एका धाब्यावर कामाला लागलो. आणि कितीतरी वर्षांनी पोटभर झोपलो. त्यानंतर अंगठा कोणी ओढला नाही, एकदाही नाही.

डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच दचकून जागं होतं. असेलही. मग इस्माईलनं काय पाहिलं? तो खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्याचे आणि डॉक्टरांचे उपकार मी फेडू शकत नाही.

पण डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं – घरात दुसरं कोण घोरतं? माझे वडील घोरायचे. बेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. गाव म्हणालं, काय सुखाचं मरण.

कोण होतं ते, मला आजही माहीत नाही. पण त्याचा राग जात नाही. भिवंडीत, भाड्याच्या खोलीत, दोघांच्या गादीवर त्याला माझा पाय बरोबर सापडला... मग आमच्या घरात वडिलांचा का नाही सापडला?