आजोबांची टँगोची कॅसेट

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, आजोबांना इतकी दुःखी गाणी का आवडायची?" मी "सुरावट छान आहे म्हणून" असं सांगून विषय बदलला. खरं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. ते परवा मिळालं, म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवते.

आम्ही मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून आजोबा दर रविवारी दुपारी ती टँगोची कॅसेट लावत. आवाज अगदी बारीक. शब्द स्पॅनिश, ना त्यांना कळत, ना मला. ते गेल्यावर मी ती गाणी तुम्हाला पाठवली, आणि तुम्ही आठही गाण्यांचे अर्थ लिहून पाठवलेत. सवयीप्रमाणे मी वहीत तक्ता केला: कोण कोणाला सोडून गेलं. सात गाण्यांत बाई गेलेली. एक जण तिची खुर्ची तशीच ठेवतो, दुसरा तिच्या दारापर्यंत जाऊन कडी न वाजवता परततो. आठव्यात तर सगळी गल्लीच नाहीशी झालेली. धडधाकट पुरुष इतकं उघडपणे रडतात, याचं मला नवल वाटलं. आपल्या घरात 'आठवण येते' एवढंसुद्धा कोणी म्हणत नसे. मग आजोबा इतकी वर्षं कोणासाठी ऐकत होते? माझ्याआधी कोणी होती का?

कर्जतच्या बाजारात आजोबांचे एक जुने मित्र आहेत. पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करत, आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांना सरळ विचारलं.

"भाभी, या वयात संशय?" ते पोटभर हसले. "माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं आणलेली ती कॅसेट. दुकानात लावली, तर तुमचे साहेब दारातच थांबले. म्हणाले, पेटी कोण वाजवतंय रं? मी म्हटलं, पेटी नाय, तिकडचं वाद्य हाय. म्हणाले, दे मला."

"पेटीचं काय एवढं?"

"तुमी वाजवायचं बंद केलं होतं ना."

केलं होतं खरं. माहेरून आणलेली पेटी मी रोज वाजवत असे. पण कॉलनीत तीन पाळ्या. भिंतीपलीकडे कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेलं. एकदा तक्रार आली, तशी मी पेटी बांधून माळ्यावर टाकली. आजोबा तेव्हा काहीच बोलले नव्हते.

"मला इतकंच म्हणाले," मित्रांनी सांगितलं, "टेपचा आवाज कमी तरी करता येतो."

घरी येऊन तक्त्यात नववी ओळ आखली. 'कोण गेलं' या रकान्यात काय लिहावं, ते अजून ठरलेलं नाही.

काल पेटी माळ्यावरून उतरवून घेतली. दोन पट्ट्या मुक्या आहेत, बाकीच्या वाजतात. कॅसेटची दुसरी बाजू आता अडकते. पहिल्या बाजूची चार गाणी अजून ऐकू येतात.