युसूफभाईंचा राक्षस

सांगलीहून युसूफभाईंच्या लेकीचा फोन आला, "गुरुजी, अब्बा गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय म्हणालो, माझं मलाच कळेना... महिना झाला, अजून त्या शब्दाची लाज वाटते.

साताऱ्यात आमच्या शाळेसमोर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस भरता भरता ते पोरांना राक्षसाच्या गोष्टी सांगत. एकदा मी त्यांना वर्गातच बोलावलं. त्यांचा राक्षस भलता दिलदार, गावाला जेवू घालणारा. पोरं खूश. पण तेवढ्यावर थांबेल तो मास्तर कसला! मी उठून फळ्यावर तात्पर्य लिहिलं, 'खोटं बोलणाऱ्याला राक्षस खातो.' गोष्टीत असलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुसरीतली मुक्ता शाळेत येईना. कंपासपेटी हरवली होती आणि घरी तिनं मैत्रिणीला दिली म्हणून सांगितलं होतं. आता पोरगी पांघरुणातून तोंड काढत नव्हती. युसूफभाईंना हे कळलं तसं दुकान बंद करून मला स्कूटरवर घातलं आणि थेट तिच्या घरी. तिच्या उशाशी बसून म्हणाले, "आगं, त्यो राक्षसच लय खोटारडा हाय! समद्यास्नी वाढून झालं की 'मी जेवलो' म्हनतो, आन् उपाशी निजतो. त्यो तुला कशाला खातोय?" पांघरुणातून खुदकन हसू आलं. सोमवारी मुक्ता शाळेत हजर.

परतताना मला म्हणाले, "गुर्जी, पोरं आधीच भ्यालेली असत्यात. आपन आनखी भ्या कशाला घालायचं?" मी वरवर चिडलो, आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी तात्पर्याची खोड पुरती सुटली नाही, ते कशाला लपवू?

शेवटची भेट सांगलीत, लेकीच्या घरी. माणूस पार वाळून गेला होता. माझा हात धरून म्हणाले, "गुर्जी, लय भ्या वाटतंय. कायतरी सांगा की..." आयुष्यभर उपदेश करत आलो. धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

"युसूफभाई, मलाबी वाटतंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मग बसा जवळ."

मी बसलो. दुपारची साताऱ्याची एसटी गेली, तरी उठलो नाही.