मायची घोंगडी

काल नातीनं माझी जुनी घोंगडी उन्हात टाकली आन् नाक मुरडलं, "आज्जे, लई वास येतो गं!" मला हसूच आलं. याच मेंढरांच्या वासापायी सिल्लोडकडच्या शाळेत मास्तर मला दारात बसवायचे.

एकदा मास्तरांचं घड्याळ हरवलं. "धनगराच्या पोरीनंच घेतलं, बोलवा पोलीसपाटलाला!" दुसऱ्या कुणाची झडतीसुद्धा नाय. निरोप मिळताच माय मेंढरं सोडून धावत आली. तिनं वर्गात ही घोंगडी अंथरली, मला वर बसवलं, हातावर भंडारा ठेवला. तो हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत नाय.

"घेतलंस का गं?"

"नाय, माय."

"झालं. आता मास्तर, समद्या पोरांना घोंगडीवर बसवा. पहिला तुमचा लेक."

मास्तरांनी वर्गातल्या लेकाकडं बघितलं आन् ते फळ्याकडं वळले. पोलीसपाटलाचं नाव पुन्हा निघालं नाय. मायनं घोंगडी उचलून पहिल्या रांगेत टाकली. "उद्यापासून माझी लेक इथं बसंल."

तवा मला मायच्या मोठ्या आवाजाची लाज वाटली होती. आज त्याच आवाजानं ऊर भरून येतो.

नातीला म्हणलं, "नीट हुंग बाई. पहिल्या रांगेचा वास हाय हा."