शंकासुराने मुद्दाम लिहिलेली ओळ

लिफ्ट तपासणं हे ज्याचं पोटापाण्याचं काम, तो माणूस स्वतःच्या इमारतीत मात्र सहा मजले चढून घरी जायचा. त्या लिफ्टमध्ये काचेमागे लावलेल्या प्रमाणपत्रावर सही कोणाची, तर त्याचीच. शेजाऱ्यांनी एकदा यावरून छेडलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता की सही केली त्या दिवशी लिफ्ट ठीक होती, आजचं कोणी सांगावं. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत, अर्थात पाठीमागे. पण पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात हा संशय त्याला आधीपासून होताच, त्यामुळे नाव कानावर आलं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी त्याला हायसं वाटलं. पुढे आपल्या दुसऱ्या कामासाठी त्याने तेच नाव घेतलं.

दुसरं काम सकाळचं, पाच ते सात. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर झाकण काढलेला एक जुनाट संगणक आणि उरलेल्या अर्ध्यावर बायकोचा चहा, अशी वाटणी होती. संगणक चालू केला की त्याच्या पोटात जो सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, त्या कारभाऱ्याला कर्नल म्हणतात. शंकासुराचा कर्नल कुठल्या कंपनीच्या मालकीचा नव्हता. जागोजागची माणसं तो फुकटात, उघड्यावर, एकमेकांच्या चुका काढत लिहीत होती. त्यात हजारो पर्याय. अमुक जातीची डिस्क ओळखायची का, तमुक पंख्याचा वेग मोजायचा का. कर्नल बांधून घेणाऱ्याने प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. ते त्याला कळावं म्हणून प्रत्येक पर्यायाखाली चार-पाच ओळींची नोंद असते, आणि बऱ्याच नोंदींच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा शंकासुराला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं होतं.

पंधरा वर्षांत त्याने अशा तीनशे बारा नोंदी लिहिल्या. कोड लिहिणारा सांगेल ते उतरवून घ्यायचं, असं बाकीचे करत. हा करत नसे. यंत्र सांगेल ते खरं, माणूस सांगेल ते ऐकीव, हा त्याचा नियम. प्रत्येक पर्याय आधी 'हो' करून, मग 'नाही' करून, घड्याळ लावून बसायचा, आणि मग कुठे एक ओळ लिहायचा. कर्नलवाल्यांच्या यादीवर, म्हणजे ज्या सार्वजनिक पत्रव्यवहारात हे सगळं काम चालायचं तिथे, शंकासुराची ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं मानत. तो हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण खरं सांगायचं तर साऱ्या आयुष्यात त्याला अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मग उजव्या डोळ्याने दगा दिला. सरळ रेघा मध्येच वाकड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की डाव्याचीही तीच सुरुवात आहे, दीड-दोन वर्षांत वाचणं अवघड होईल. त्याचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्याने दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा, आणि तिघांचं एकमत झाल्यावर तिघं एकमेकांच्या ओळखीचे आहेत का याची चौकशी केली. ते नव्हते. तेव्हा मात्र त्याने चौथा डॉक्टर शोधला नाही.

यादीच्या प्रमुखाला सगळे मुकादम म्हणत. त्याने प्रेमाने लिहिलं की आता कोणाला तरी हाताशी धरा आणि महिनाअखेर किल्ल्या द्या. किल्ल्या म्हणजे कोणाला न विचारता नोंदी बदलण्याचा अधिकार. मुकादमाने नावही सुचवलं होतं: टाचणी.

टाचणी ही बाई गेली दोन वर्षं यादीवर होती. लोकांच्या नोंदींतल्या चुका टोचून दाखवायची, पण इतक्या अदबीने की टोचल्याचं कळू नये. दुसऱ्याच पत्रापासून शंकासुराला 'दादा' म्हणायला लागली होती. आणि इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. इतकं गोड बोलणारं माणूस फुकटात एवढं का राबेल? थकलेल्या सांभाळणाऱ्याला वर्षानुवर्षं गोड बोलून किल्ल्या मिळवायच्या आणि मग गुपचूप आत शिरायला चोरवाट ठेवायची, हे प्रकार या धंद्यात होऊन गेलेले होते. त्याने तिची सगळी पत्रं काढून त्यांच्या वेळा मांडल्या. बुधवारी तिचं एकही पत्र नव्हतं. दोन वर्षांत एकाही बुधवारी नाही.

बायकोला हे दाखवल्यावर ती म्हणाली की बुधवारी तिचं काही काम असेल. बायको एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि नवऱ्याच्या शंकांकडे ती सर्दीकडे बघावं तशी बघायची.

"काम असेल तर सांगत का नाही?" तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंय का?"

विचारण्यात काय अर्थ होता? विचारल्यावर माणूस ऐकीवच सांगणार. म्हणून त्याने गळ टाकायचं ठरवलं.

कर्नलमध्ये एक पर्याय होता, घड्याळावरच्या पहाऱ्याचा. संगणकाची सगळी कामं आतल्या एका बारीक घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. काही जुन्या यंत्रांत ते तापलं की अडखळतं. हा पर्याय 'हो' असेल तर कर्नल घड्याळावर नजर ठेवतो आणि ते चुकायला लागलं की दुसरं घड्याळ धरतो. घड्याळावरसुद्धा विश्वास न ठेवणारा हा पर्याय शंकासुराचा लाडका असणं साहजिक होतं. नोंद त्यानेच सात वर्षांपूर्वी लिहिली होती. आता त्याने तिचा नवा मसुदा केला, चार ओळी तशाच ठेवल्या आणि पाचवी उलटी करून टाकली: हा पहारा आता कुठल्याच यंत्राला लागत नाही, निःशंक 'नाही' म्हणा. मसुदा एकट्या टाचणीला पाठवला आणि यंत्रावर तपासून कळवा म्हणाला. ती खरंच तपासत असेल तर बोंब मारेल. नुसतीच मान डोलावली तर चोर सापडला.

पाच दिवस काहीच नाही. त्यात एक बुधवार होता. सहाव्या दिवशी उत्तर आलं: "दादा, माझं यंत्र नेमकं आत्ताच बिघडलंय, त्यामुळे माझ्याकडून नीट तपासून होत नाहीये. पण ओळ तुमची आहे म्हणजे बरोबरच असणार. माझ्यासाठी थांबू नका."

यंत्र बिघडलंय! लिफ्टचे ठेकेदार त्याला रोज हेच ऐकवायचे, साहेब, मीटर नेमका आजच बिघडलाय. इतकं जुनं निमित्त वाचून त्याला जवळजवळ आनंद झाला. संशयी माणसाचा संशय खरा ठरतो तेव्हा त्याला जे सुख होतं ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. त्याने त्याच सकाळी मुकादमाला दोन ओळींत कळवलं की टाचणीला किल्ल्या देऊ नयेत, ती न तपासता 'बरोबर' म्हणते. कारण विचारलं तर पुरावा आहे म्हणायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मुकादमाने कारण विचारलंच नाही. शंकासुराचा शब्द होता, पुरे होता.

चार दिवसांनी यादीवर टाचणीचं सगळ्यांना उद्देशून पत्र आलं. जुन्या जातीचा संगणकाचा बोर्ड कोणाकडे पडून असला तर हवाय, असं तिने लिहिलं होतं. तिचं छोटं भरतकामाचं दुकान होतं. शाळांच्या शर्टांवर बिल्ले भरून द्यायची आणि दर बुधवारी गठ्ठे घेऊन शाळांमध्ये पोचवायला जायची. भरतकामाचं मशीन ज्या संगणकावर चालायचं तोच तिचा एकुलता एक संगणक, आणि तो आता मध्येच गोठत होता. बिल्ला अर्धा भरून झाला की सुई थांबायची आणि शर्ट वाया जायचा. तिने पंखा साफ केला, केबल बदलल्या, शेजारच्या मेकॅनिककडून संगणकाला वीज पुरवणारा डबा मागून आणून लावून पाहिला. खाली गोठण्याच्या वेळा लिहिल्या होत्या: एकवीस मिनिटं, बावीस, एकवीस, एकवीस. शेवटी लिहिलं होतं की दोष कर्नलचा नाही, कारण त्यात एवढ्यात फक्त घड्याळाचा पहारा काढलाय आणि ते शंकासुरदादांनी तपासलेलं आहे.

शंकासुराने खणातून जुनी वही काढली. डोळा पानाजवळ नेला. सात वर्षांपूर्वीचं त्याचंच अक्षर होतं: पहारा 'नाही', तापल्यावर यंत्र गोठते, एकवीस मिनिटे.

त्याने तिचे आकडे आणि वहीतला आकडा पुन्हा एकदा जुळवून पाहिला. बाईने तपासलं होतं, त्याच्यासारखंच, घड्याळ लावून. यंत्र तिला चार वेळा खरं सांगत होतं आणि तिने त्याच्या ओळीपुढे ते खोटं मानलं होतं. ज्याने जन्मभर कोणावर विश्वास ठेवला नाही त्याच्यावर कोणीतरी एवढा विश्वास टाकून बसलं होतं, आणि त्यानेच तिच्या पोटावर पाय दिला होता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. सांगताना सुरुवातीला त्याने 'परीक्षा' हा शब्द वापरला. बायकोने कप खाली ठेवला.

"आमच्याकडेही मशीन नीट चालतंय का बघायला ठरलेला नमुना घालतात," ती म्हणाली. "पण त्या बाटलीवर लेबल असतं. तो नमुना कोणाचं रक्त म्हणून कोणाच्या हातात देत नाहीत."

 यातून सुटायची एक सोपी वाट होती. मसुदा फक्त टाचणीकडे गेला होता. तिला एकटीला गुपचूप लिहायचं, माफ करा, डोळ्यांमुळे शब्द चुकला. डोळ्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, कोणालाही पटलं असतं, वर चार लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. पंधरा वर्षांचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. ते पत्र त्याने लिहिलंही. मग वाचून पाहिलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली, कारण एखाद्या ठेकेदाराने हेच लिहून दिलं असतं तर त्याने एका नजरेत पकडलं असतं.

यादीवर एकदा गेलेलं पत्र कधी पुसलं जात नाही. तिथेच त्याने लिहिलं, बायकोला बाजूला बसवून, एक अक्षर चुकू नये म्हणून: "टाचणीबाईंचं यंत्र ठीक आहे. पहारा 'हो' करा, ते गोठणार नाही. माझ्या मसुद्यातली पाचवी ओळ खोटी होती. ती चुकून गेलेली नाही, त्यांना पकडण्यासाठी मी मुद्दाम लिहिली होती. त्यांना किल्ल्या देऊ नयेत असं मी मुकादमांना कळवलं, तेही चूक होतं. माझं मत आता धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण किल्ल्या त्यांनाच द्या."

यादीवर एरवी एका स्वल्पविरामावरून वीस पत्रं यायची. यावर दिवसभर एकही आलं नाही. संध्याकाळी मुकादमाचं एका ओळीचं आलं: "बाई काय म्हणतात त्यावर ठरेल."

बाई नऊ दिवस काही म्हणाल्या नाहीत. शंकासुर रोज सकाळी पाच वाजता यादी उघडायचा आणि सात वाजता बंद करायचा, मधे काही करायचा नाही. ऑफिसात एका लिफ्टचा दोर त्याने नेहमीप्रमाणे तीनदा मोजला आणि तिन्ही आकडे विसरला. बायकोला त्याची दया येत होती, पण तिने ती दाखवली नाही. दहाव्या दिवशी पत्र आलं आणि तिनेच ते वाचून दाखवलं.

"दादा, पहारा 'हो' केला, यंत्र चाललं. बेचाळीस शर्ट फुकट गेले. मेकॅनिकला डबा परत द्यायला गेले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, बायकांनी यंत्रं कशाला उघडावीत. ते मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. किल्ल्या मी घेते. पण तुमची एक ओळ खोटी होती तर बाकीच्या तीनशे अकरा नोंदी खऱ्या कशावरून? मी त्या पहिल्यापासून तपासायला घेतल्यात."

शंकासुराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोला. तीनशे अकरा! प्रत्येकीला हो आणि नाही, प्रत्येकीला घड्याळ. यादीवर दुसऱ्या कोणाचं असं धाडस झालं नसतं. तो दोन दिवस धुसफुसत राहिला. मग तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पाचला उठायला लागला, कारण रोज तिचं पत्र यायचं. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी बरोबर. बुधवारी सुट्टी.

सतराव्या नोंदीपाशी पत्र लांब आलं. एका जुन्या डिस्कच्या पर्यायाबद्दल त्याने लिहिलं होतं की 'हो' म्हटल्यास यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो. टाचणीने सहा वेळा मोजलं होतं, वेळ लागत नव्हता. त्या वेळच्या त्याच्या केबलचा दोष असावा, असं तिने लिहिलं होतं. चौदा वर्षं लोक त्याच्या शब्दावर तिथे 'नाही' म्हणत आले होते.

तिच्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्याने माळ्यावरून तशी डिस्क काढली, केबल बदलली आणि रविवारची सगळी सकाळ घातली. पडद्यावरचे आकडे आता त्याला सुटे सुटे दिसत नव्हते, म्हणून ते बायकोने वाचले आणि त्याने घड्याळ धरलं. 'हो' केलं तरी तेवढाच वेळ, 'नाही' केलं तरी तेवढाच. मग केबल पुन्हा जुनी लावून पाहिली, आणि उशीर परत आला.

त्याला लाज वाटली. मुद्दाम लिहिलेल्या ओळीची वाटली होती त्याहून वेगळी, कारण ही त्याला खरी वाटत आली होती. आणि लाजेच्या मागोमाग अंगातून कसलं तरी ओझं उतरलं. त्याचे डोळे जाणार होते ते जाणारच होते. पण त्याच्या ओळींवर डोळे मिटून विश्वास ठेवणारं आता तिथे कोणी नव्हतं.

"काय लिहू?" बायकोने विचारलं.

"लिही, दोन्ही केबल लावून तपासलं. तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि लिही, अठराव्या नोंदीच्या वेळीसुद्धा माझ्याकडे तीच केबल होती."